दिव्यांचं बटण

चप्प.

आमच्या फ्रिजच्या दाराचं रबर सुटतं तेव्हा असा आवाज होतो, ओल्या ओठांनी कुणी गालाचा मुका घ्यावा तसा. त्याआधी घरात इतकं शांत होतं की मी जिन्यात उभी राहून कान देत होते. आत आई आहे, एफी आहे, आणि तरी शब्द नाही. माझ्या आईच्या घरात शांतता म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. मग तो आवाज आला आणि मला कळलं.

एफी फ्रिज दुधासाठी उघडत नाही. दूध तिला आवडत नाही. ती फरशीवर मांडी घालून बसली असणार, दार सताड उघडं, आणि आतल्या पिवळ्या उजेडात ते हातातलं गेमचं यंत्र तिरकं धरलेलं. सगळा हिवाळा ती अशीच बसायची. मग एक दिवस मी तिला म्हटलं की आता फ्रिज नको, आणि तिने तो सोडला. आज पुन्हा उघडला.

का उघडला ते सांगायचं तर गिरणीपासून सुरुवात करावी लागेल. आणि ते शांतपणे सांगता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

गिरणी म्हणजे आमच्या डंडीतली, स्कॉटलंडमधली, तागाची जुनी गिरणी. माझी आई तिथे मागावर उभी राहायची. तिच्या कानांचं जे झालं ते तिथेच झालं, म्हणून ती कुजबुजली तरी शेजाऱ्यांना ऐकू जातं. माग गेले, कबुतरं आली. मग कबुतरांना हाकलून वरच्या मजल्यावर स्ट्रुअनने कंपनी थाटली. आम्ही मूठभर माणसं. लोकांचे मोठे गेम घ्यायचे आणि लहान यंत्रात बसवून द्यायचे, हा आमचा धंदा. टीव्हीला जोडायचा कन्सोल असतो, त्यावरचा गेम तळहातात मावणाऱ्या यंत्रावर चालला पाहिजे. लग्नाचं अख्खं जेवण पोराच्या डब्यात भरायचं आणि वर झाकणही लागलं पाहिजे, असं ते काम.

लंडनच्या एका कंपनीचा फुटबॉलचा गेम तेव्हा गाजत होता. कन्सोलवर तो खरोखर देखणा होता, खेळाडूंच्या मानेवरचा घाम दिसायचा. डब्यात भरताना आधी समालोचकाचा आवाज गेला. मग चेहरे गेले, गवताची पाती गेली, प्रेक्षकांचे नुसते ठिपके झाले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हीच आमची कला. चित्रं माझ्याकडे होती. एकेक खेळाडू माझ्या नखाएवढा, आणि त्याच्या कातडीपासून मोज्यांपर्यंत सगळं पंधरा रंगांत उरकायचं. मी उरकलं. माझा नखाएवढा बचावपटू सामन्याच्या शेवटी दमलेला दिसायचा. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं होतं. दोन ठिपके खाली सरकवले की खांदे पडतात.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. टीव्ही आतून उजळतो. हा पडदा पुस्तकाच्या पानासारखा, बाहेरून उजेड पडला तरच दिसणार. आणि आम्ही दिवसभर तो गेम बघत होतो मोठ्या झगझगीत मॉनिटरवर. तेही खिडक्यांचे पडदे ओढून, कारण बाहेरचा उजेड आला की मॉनिटर चकाकतो. अशी चूक करायला आमच्याच धंद्यातली माणसं लागतात. न्हाव्यालासुद्धा कळेल की गिऱ्हाईक आरशात बघणार आहे.

मलाही कळलं नसतं. एफीमुळे कळलं.

खरं यंत्र आणि त्यात घालायची चाचणीची कॅसेट स्ट्रुअनकडे असायची. त्या दिवशी आईचे गुडघे धरले होते, एफीला शाळेतून आणायला मीच निघाले. उरलेलं काम बसमध्ये तपासू म्हणून यंत्र मागून घेतलं. डिसेंबरात आमच्याकडे शाळा सुटते तेव्हाच दिवस गुंडाळायला लागलेला असतो. परतताना बसमध्ये एफीने ते माझ्या हातातून घेतलं, नाकाला लावलं, खिडकीकडे धरलं, उलटं केलं.

"मम्मी, चेंडू कुठंय?"

"तो काय, निळ्या शर्टवाल्याच्या पायाशी."

मी वाकून पाहिलं. चेंडू जाऊ द्या, पाय नव्हते. निळा शर्टही नव्हता. काळपट गवतावर काळपट काहीतरी वळवळत होतं.

"तिथे रात्र आहे," एफी म्हणाली. "ते आंधळी कोशिंबीर खेळतायत का?"

मागच्या बाकावरचे आजोबा खोकत हसले. "आमच्या संघाचं नेहमीच असं असतं गं बाळ. त्यांना भर उन्हातसुद्धा चेंडू सापडत नाही."

सगळी बस हसली, मीही हसले. घरी आल्याआल्या एफी बूट न काढता स्वयंपाकघरात पळाली. चप्प.

"मम्मी! इथे दिवस आहे!"

"लोणी वितळेल!" आई ओरडली. "दार लाव, नाहीतर तुलाच आत ठेवीन!"

त्याच आठवड्यात मी घरासाठी तसंच एक यंत्र विकत घेतलं, चाचणीची एक कॅसेटही मागून आणली. दुसऱ्या दिवसापासून मी रंग बदलायला घेतले. गवत उजळ केलं, शर्ट उजळ केले, चेंडूभोवती पांढऱ्याची कड दिली. यंत्रावर, खिडकीशी, ढगाळ दिवशीसुद्धा सगळं दिसायला लागलं. मॉनिटरवर मात्र ते फिकट, उतरलेलं दिसत होतं. स्ट्रुअन माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याला लोकांच्या खुर्चीमागे उभं राहून कॉफी प्यायची सवय आहे.

"हे काय, इश? कुणी चुना फासलाय का?"

"मॉनिटरवर नको बघूस. हातात घेऊन बघ."

"मी लंडनला काय पाठवणार? मॉनिटरवरचं चित्र. ते मॉनिटरवरच बघणार."

"आणि मुलं कशावर बघणार?"

"मुलं विकत घेऊन झाल्यावर बघणार."

"हे तू मोठ्याने बोललास, कळतंय ना तुला?"

तो यंत्र घेऊन त्याच्या खोलीत गेला. माझी कॅसेट काढून जुन्या रंगांची घातली होती त्याने त्यात. दार लावून घेतलं. जरा वेळाने बाहेर आला तो हसतच.

"मला तर लख्ख दिसतंय. चेंडूची शिवण दिसतेय."

"कुठे उभा राहून?"

"उभा कशाला? माझ्या खुर्चीत बसून. डोळे तपासून घे, इश. बाळंतपणानंतर बायकांची नजर जाते म्हणतात."

"बाळंतपणाला पाच वर्षं झाली."

"मग चाळिशी असेल."

"मी अठ्ठावीस वर्षांची आहे, स्ट्रुअन."

तिकडे टेबलावर डुगल कागदी पिशवीतली ब्रायडी खात होता. मांस भरलेली ती करंजी त्याच्या हातात सदैव असते आणि पिठाचे कण त्याच्या कीबोर्डमध्ये. गेमचा आतला सगळा प्रोग्राम त्याचा, चित्रं माझी, असे आम्ही दोघं जोडीने काम करायचो. तो चावायचा थांबला.

जानेवारीत लंडनहून पिअर्स आला. त्यांच्या कंपनीच्या वतीने आमच्यावर देखरेख ठेवणारा. बर्फात पातळ तळव्याचे बूट घालून आला होता, आणि ते ओले झाल्याचा राग आमच्यावर. मी त्याला यंत्र दिलं. त्याने ते पाहिल्यासारखं केलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे बघा, रात्रीचा सामना हा आमच्या गेमचा दागिना आहे," तो म्हणाला. "जाहिरातीत तेच आहे. काळं आकाश, गडद निळसर हिरवळ, चार कोपऱ्यांत मोठे दिवे. तो बाज बदलून चालणार नाही."

"दिवे आहेत ना? मग त्यांचा उजेड कुठे आहे?"

तो हसला. जेवणाच्या टेबलावर लहान मुलीने काहीतरी गोड बोलावं आणि पाहुण्याने हसावं, तसा. मग स्ट्रुअनकडे वळून म्हणाला, "तुमच्याकडची माणसं फार जीव लावून काम करतात." मला त्या वेळी जे बोलावंसं वाटलं ते माझ्या आईने गिरणीत शिकलेल्या भाषेत होतं. मी गिळलं.

तोडगा डुगलने काढला. पिअर्स गेल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.

"दोन्ही ठेवू," तो म्हणाला.

"दोन्ही काय?"

"रंग. रंगांच्या दोन डब्या. एक पिअर्सची, एक तुझी. सिलेक्टचं बटण रिकामंच पडलंय. दाबलं की डबी बदलेल."

"जागा आहे?"

"तुझ्या एका खेळाडूच्या बुटाएवढी लागेल. तेवढी मी कुठूनही काढतो."

स्ट्रुअनने कुरकुरत हो म्हटलं. सुरुवात अंधारात व्हायची, पिअर्सला आवडतं ते आधी दिसायचं, ज्याला उजेड हवा त्याने बटण दाबावं. मला तेवढं पुरे होतं. मी सगळे रंग पुन्हा केले, दोनदा दोनदा, आणि नवी चाचणीची कॅसेट घरी नेली. एफी फ्रिजपाशी निघाली होती, तिला मी सोफ्यावर ओढलं. बाहेर टे नदीवरून धुकं चढत होतं, खोलीत उजेड असा नव्हताच.

"हे दाब," मी म्हटलं.

टिक.

हिरवं मैदान एकदम उघडं पडलं. गोलरक्षक दिसला, खांबांची जाळी दिसली. मधोमध पांढरा चेंडू.

"मम्मी! दिवे लागले!"

तिने ते बंद केले. लावले. बंद केले. आपल्या हाताने अख्ख्या मैदानाचे दिवे लागतात हे तिला इतकं आवडलं की चेंडूला तिने बराच वेळ लाथच मारली नाही. त्या बटणाचं नाव पडलं दिव्यांचं बटण. आई विणता विणता ओरडायची, "खेळून झालं की विझव गं, बिल आपल्याला येईल!" आणि एफी खरंच विझवायची. यंत्र बंद करण्याआधी टिक, मग खटका.

गेम जिंकला की शेवटी नावं वर सरकतात. एफी तेव्हा अक्षरं शिकत होती. तिच्या स्वतःच्या नावानंतर तिने वाचलेला पहिला शब्द म्हणजे इश्बेल. तिने त्यावर बोट ठेवलं. बोटाखाली नाव पुरतं झाकलं गेलं.

"ही तू?"

"मी."

"म्हणजे तू आत आहेस."

"थोडीशी आहे."

तिच्या शाळेत दर शुक्रवारी एकेकाने घरून काहीतरी आणून वर्गाला दाखवायचं असतं आणि त्याबद्दल बोलायचं असतं. रोरीने त्याच्या बाबांचं आगीच्या बंबावरचं हेल्मेट आणलं होतं आणि एकेकाच्या डोक्यावर घालू दिलं होतं. एफी त्या दिवसापासून खट्टू होती. तिचा डॅडी, माझा इनेस, समुद्रात तेलविहिरीवर असतो. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. "डॅडीचं काय नेणार?" ती म्हणायची. "समुद्र नेता येत नाही." आता तिला मिळालं होतं. गेम दुकानात आला की शुक्रवारी शाळेत. ती रात्री पांघरुणात मला क्रम सांगायची. "आधी मी कागद फाडणार. मग अंधार दाखवणार. रोरी म्हणेल काहीच दिसत नाही. मग मी म्हणणार थांबा. मग दिवे लावणार. मग शेवटी तुला दाखवणार."

"आणि मिस मॅकफी बाई काय म्हणतील?"

"त्या म्हणतील बाप रे."

गेम कारखान्याकडे जायच्या आठवड्यात एफीला कांजिण्या आल्या. मी घरी राहिले. गुलाबी लोशनचे ठिपके लावत, तिचे हात धरून ठेवत, "खाजवू नकोस, खाजवू नकोस" म्हणत. फोन माझ्या हाताशी होता. तो वाजला तो फक्त इनेसचा, समुद्रावरून, वाऱ्यात.

वसंतात गेमचे तयार बॉक्स आले. गुरुवारी स्ट्रुअनने प्रत्येकाला एकेक दिला. माझा त्याने स्वतः आणून दिला, दोन्ही हातांनी. "हा तुझ्या पोरीसाठी," तो म्हणाला. हसून म्हणाला. डुगल त्या दिवशी एडिनबराला गेलेला होता. मी बॉक्स उघडला नाही, कारण वरचा चकचकीत कागद एफी फाडणार होती, वर्गात, सगळ्यांसमोर. शुक्रवारी सकाळी आईचा हात धरून ती निघाली तेव्हा बॉक्स आणि आमचं यंत्र तिने कोटाच्या आत छातीशी धरलं होतं. फाटकापाशी तिने मागे वळून मला अंगठा दाबून दाखवला. टिक.

दुपारी गिरणीत डुगल ब्रायडी खात होता.

"एफी कधी नेणार?" त्याने विचारलं.

"नेला. आज शेवटच्या तासाला आहे."

त्याने ब्रायडी खाली ठेवली. डुगलने अर्धी ब्रायडी खाली ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती.

"इश्बेल, स्ट्रुअन तुझ्याशी बोललाय ना?"

"कशाबद्दल?"

त्याचे कान लाल झाले. "बटणाबद्दल. ते काढायला लावलं. लंडनहून फोन आला होता. मीच काढलं, माझ्या हाताने. तो म्हणाला, तुझ्याशी बोलणं झालंय, तुझी हरकत नाही."

"कधी?"

"तू घरी होतीस तेव्हा."

मी स्ट्रुअनच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. तो पाय खिडकीत ठेवून बसला होता.

"दिव्यांचं बटण कुठंय?"

"कसलं?" मग त्याला कळलं. पाय खाली आले. "हां. ते. बस ना, इश."

"मी बसत नाही."

"पिअर्सचं म्हणणं पडलं की असं बटण ठेवणं म्हणजे आपला गेम अंधारा आहे हे आपणच कबूल करणं."

"अंधारा आहेच!"

"म्हणूनच तर."

हे तो खरंच बोलला. मी त्यात एक शब्द घातलेला नाही.

"मला फोन का नाही केलास?"

"केला असता तर तू भांडली असतीस."

"हो!"

"बघ. घरात आजारी पोर, त्यात हे भांडण. मी तुझाच विचार केला."

मला त्याच्या टेबलावरची कॉफी दिसत होती आणि ती कुठे फेकावी हेही दिसत होतं. त्याने माझा विचार केला म्हणे. मी लोशनचे बोळे धुत होते तेव्हा इथे माझं काम पुसलं, आणि वर त्याला माझी काळजी असं नाव दिलं. आणि मग तोच बॉक्स दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. पोरीसाठी.

"काल बॉक्स देताना तुला माहीत होतं."

"अगं, लहान पोर ती. तिला काय कळणार बटण आहे की नाही?"

"माझं नाव काढ."

"कशातून?"

"गेममधून. चित्रं, इश्बेल गेडी. ते काढ. ती माझी चित्रं नाहीत."

तो हसायला लागला, मग माझा चेहरा बघून थांबला. "इश, कॅसेटी दुकानात गेल्या. आता ते नाव देवसुद्धा काढू शकत नाही. लोक नाव टाका म्हणून माझ्या पायऱ्या झिजवतात आणि तू... अभिमान बाळग की जरा. थांब, थांब. जाऊ नकोस. हे घे, पोरीला दे."

त्याने खण उघडला आणि एक छोटासा दिवा काढला. वाकडी मान, खाली चिमटा. यंत्राला अडकवायचा, म्हणजे पडद्यावर उजेड पडतो. दुकानात वेगळे विकत मिळतात तसले. पण हा नवा नव्हता. चिमट्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, आणि मानेला जिथे बोटं लागतात तिथला रंग उडाला होता.

मी तो हातात घेतला. फिरवून पाहिला.

"हा तुझ्याकडे कधीपासून आहे?"

स्ट्रुअन खिडकीबाहेर बघायला लागला.

"हिवाळ्यात तू यंत्र आत घेऊन आलास. दार लावलंस. चेंडूची शिवण दिसतेय म्हणालास."

"सगळेच वापरतात, इश."

मला चाळिशी लावून मोकळा झाला होता तो. खणात दिवा ठेवून.

दिवा परत त्याच्या अंगावर फेकावा असं वाटलं. फेकला नाही. मी तो कोटाच्या खिशात टाकला, आणि का टाकला याचाच मला जास्त राग आला. बाहेर आले तर डुगल उभा होता. "इश्बेल, मी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. त्याच्यावर ओरडायला मला वेळ नव्हता. शेवटचा तास सुरू होत आला होता.

बसची वाट पाहण्यात बराच वेळ गेला, ती आलीच नाही. मी टेकडी चढून पळत गेले. सकाळपासून धुकं उठलंच नव्हतं. लोकांनी दुपारीच घरांत दिवे लावले होते. शाळेच्या फाटकापाशी पोचले तेव्हा झाडूवाला पटांगणात झाडत होता आणि मुलं गेली होती.

घराच्या जिन्यात मी थांबले, आणि तेव्हा तो आवाज आला.

आई दारात आली. तिने कुजबुजायचा प्रयत्न केला. "बाई भेटल्या मला फाटकात. वर्गात धुक्यामुळे काही दिसेना, म्हणून त्यांनी पोरांना खिडकीशी नेलं. तरी नाही दिसलं. तो रोरी म्हणाला, यात काहीच नाहीये. आपली म्हणते कशी, थांबा, आता दिवे लागतील. आणि दाबतेय बटण. दाबतेय, दाबतेय. पोरं हसायला लागली, तरी थांबा म्हणतेय. शेवटी बाई म्हणाल्या छान आहे हं एफी, बस आता खाली." आईने माझ्या कोटाची बाही धरली. "काय झालं गं?"

मी सांगितलं. थोडक्यात, जिन्यातच. आईचा चेहरा ती मागासमोर उभी असल्यासारखा झाला.

"मी त्या इमारतीत आयुष्य काढलं," ती म्हणाली, आता अजिबात न कुजबुजता. "तिथे बाईचं कुणी ऐकायचं नाही. आम्ही म्हणायचो, मागांचा आवाज आहे. माग गेले की! आता कसला आवाज आहे तिथे?"

स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. एफी फरशीवर बसली होती, अंगात कोट तसाच, दुधाच्या बाटलीजवळ कपाळ नेऊन. फाडलेला चकचकीत कागद तिच्या गुडघ्यावर घडी घालून ठेवलेला. तिने वर पाहिलं नाही. टिक. टिक. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं.

मी तिच्या शेजारी बसले. फ्रिजची गार हवा पायांवर येत होती. ती हलली नाही, पण जरा वेळाने तिचं डोकं माझ्या दंडाला टेकलं. शाळेतल्या खडूचा आणि धुक्याचा वास येत होता तिच्या केसांना. पडद्यावर, लोण्याच्या डब्यावरून येणाऱ्या त्या एवढ्याशा उजेडात, ती कशीबशी सामना खेळत होती. चेंडू कुठे आहे हे तिला पाठ झालं होतं, माझ्यापेक्षा जास्त. तिने गोल केला. आनंदली नाही. खेळ संपला आणि नावं वर सरकायला लागली, काळ्यावर राखाडी.

मी खिशात हात घातला. तो दिवा हाताला लागला, त्याची वाकडी मान, त्याचं गुळगुळीत रबर. तो बाहेर काढणं सोपं होतं. अडकवला असता तर सगळं दिसलं असतं. माझ्या मुठीत तो गरम होत गेला आणि मूठ खिशातच राहिली.

एफीने बोट पुढे केलं. माझं नाव सरकत मधोमध आलं तेव्हा तिने ते बोटाने अडवलं, जसं काही ते थांबणार होतं.

"ही तू," ती म्हणाली. शाळेतून आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

"हो."

"तू आत आहेस ना?"

"हो, बाळा."

तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रडून झालं होतं तिचं, केव्हाच. आता तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"मग तू दिवे का नाही लावलेस?"